बाभळीचा कोपरा

झाड तोडण्याआधी माणसं त्याची परवानगी मागत, त्या काळची गोष्ट. दाजीबा सुतार आरशाची चौकट करत होता. सागाच्या पट्ट्या तीनच भरल्या, म्हणून चौथी त्याने बाभळीची घेतली.

वरची सागपट्टी नाक मुरडत म्हणाली, "घ्यायची तर घ्या हिला. पण वरून मी सलग जाणार. हिने माझ्याखाली डोकं टेकून उभं राहायचं."

बाभळीच्या अंगाची लाही लाही झाली. "जन्मभर काटे बाळगले ते तुझ्याखाली डोकं टेकायला नाही! कोपरा दोघींचा आहे. दाजीबा, कापायचं तर दोघींनाही तिरपं कापा आणि कापल्या अंगाने एकमेकींना भिडवा."

"माझा कोपरा का म्हणून छाटायचा?" सागपट्टी कडाडली.

दाजीबाला सागाचंच पटलं. त्याने सागपट्टी बाभळीच्या डोक्यावर आडवी ठेवून खिळा ठोकला. खिळा वाकला. दुसरा खिळा त्याने आपल्या केसांतल्या तेलातून फिरवून घेतला. सागातून तो लोण्यात जावा तसा गेला, आणि बाभळीशी गाठ पडताच तोही वाकला.

"अजून किती खिळे आहेत, दाजीबा?" बाभळीने विचारलं. "सगळे काढा. मी इथेच आहे."

दाजीबाने हातोडी खाली ठेवली आणि करवत उचलली. दोघींची टोकं सारखीच तिरपी कापली, सरस लावून जुळवली. सांध्यात नखसुद्धा शिरेना.

सागपट्टी मुसमुसत म्हणाली, "माझं केवढं गेलं!"

बाभळ म्हणाली, "माझं गेलं तेवढंच."