बहुरूप्याचे पान

मुलांनो, एका डोंगराळ जंगलात, डोहाकाठच्या गार गुहेत एक कोल्हा राहत असे. तिथल्या प्राण्यांना पत्त्यांचा भारी नाद. वडाच्या वाळक्या पानांचे ते पत्ते. प्रत्येक पानावर एक चित्र आणि खाली त्याचे कुळ : गरुड, मासा, माकड, उंदीर. नियम कडक होता. एखाद्या कुळाला बळ मिळाले, की मैदानात, म्हणजे डावात मांडलेल्या, त्या कुळाच्या सगळ्या पानांना ते मिळे. मग पान कोणाचेही असो. शापाचेही तसेच. शेवटी ज्याची पाने मैदानात उरतील, तो जिंकला. कोल्ह्याजवळ ‘बहुरूपी’ नावाचे एकच असे पान होते, जे सगळ्या कुळांत मोडत असे.

त्या पानाच्या जोरावर कोल्ह्याला असा गर्व चढला, की ऐन उन्हाळ्यात त्याने राहती गुहाच पणाला लावली. समोर बसले कासव. पंच म्हणून म्हातारी हत्तीण. कासवाने आपल्या माशांना बळ दिले, तसा बहुरूपीही फुगला. माकडांना दिले, तो आणखी वाढला. “कासवदादा, तुम्ही खाऊ घाला, पैलवान माझा होतोय!” कोल्हा खदखदून हसला. आता दुसरी पाने हवीत कशाला, म्हणून त्याने ती मैदानात उतरवलीच नाहीत.

कासवाने सावकाश एक पान पुढे सरकवले. “मांजराचा शाप. सगळे उंदीर बाद.”

“उंदीर? माझ्याकडे उंदीर आहेच कुठे?”

“आहे की,” हत्तीण म्हणाली आणि तिने सोंडेने बहुरूपी उचलून बाजूला ठेवला.

रिकाम्या मैदानाकडे कोल्हा डोळे फाडून पाहू लागला. “अहो, पण तो... तो मासा आहे! माकड आहे!”

“आणि उंदीरही,” हत्तीण म्हणाली. “बळ घेताना तुला सगळी कुळे चालली ना?”

कासवाच्या माशांनी मोकळे मैदान मारले. एवढ्यात कोल्ही पिल्लांना घेऊन गुहेच्या तोंडाशी आली. “अहो, कोण जिंकलं?” तिने विचारले. समोर उन्हाने तापलेला उघडा माळ पसरला होता, आणि पिल्लांना आता तिकडेच न्यायचे होते.

तात्पर्य : लाभाच्या वेळी जो सगळ्यांचा होतो, त्याला हानीच्या वेळी ‘मी यांचा नव्हे’ असे म्हणता येत नाही.