सटवाजीच्या वावडीचं शेपूट

तुमच्या-आमच्या आज्यांच्या आज्या परकरात हुंदडत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. शेलारमाळ नावाचं एक गाव होतं. गावाच्या वर उघडाबोडका माळ, आणि माळावर असा वारा की उभ्या माणसाचं धोतर सुटावं. सुगी उरकली की गावातली हौशी मंडळी तिथं वावडी उडवायची. वावडी म्हणजे पतंगच, पण दारापेक्षा उंच. तिच्या डोक्यावर ताणून बांधलेली पात वाऱ्यात अशी घुमायची की शेजारच्या गावातली गुरं कान टवकारायची.

वावडी बांधावी ती सटवाजीनं. त्याची वावडी वारा पडला तरी खाली येत नसे, असं म्हणतात. एकदा म्हणे तिनं जाता जाता ढगाला धक्का दिला आणि पाटलांच्या वाळवणावर भर उन्हाळ्यात पाऊस पडला. पाटलीणबाईंनी त्याला जन्मभर शिव्या दिल्या, असंही म्हणतात.

हुन्नर एवढा, पण माणूस कसा? डोक्याला ताप! सगळी मंडळी सकाळपासून माळावर ताटकळत बसायची आणि हा उन्हं कलल्यावर डुलत डुलत यायचा. बरं, आला तो आला, दर वर्षी वावडीचं शेपूट विसरून यायचा. शेपटाशिवाय वावडी गिरक्या खाते आणि नाकावर आपटते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सटवाजीला मात्र माळावर पोचल्यावरच आठवायचं.

मग तो आपल्या जिवलग दोस्ताकडे, दौलूकडे वळायचा. "दौल्या, शेप्टी ऱ्हायलीच की रं. तुजा पटका दे जरा."

"दर साली माजाच पटका का? तुज्या डोक्याला काय झालंय?"

"माज्या पटक्यात काय बी न्हाई. तुज्यात राग हाय. तेवढा वर गेला की तू बी थंड आन् वावडी बी सरळ."

असं म्हणून तो पटक्याचं टोक टरकन फाडायचा. दौलू थयथयाट करायचा, पुढच्या साली येणार नाही म्हणायचा, घरी जाऊन बायकोची बोलणी खायचा. आणि पुढच्या साली सगळ्यांच्या आधी माळावर हजर असायचा. त्याचा पटका आखूड होत होत शेवटी डोक्यावर जेमतेम एक वेढा उरला होता.

एका साली सुगीच्या तोंडावर सटवाजी तापानं गेला. दौलू त्याच्या उशाशी बसला तो आधी रडलाच नाही, नुसता संतापला. "जल्मभर समद्या ठिकाणी उशिरा पोचलास," तो म्हणाला, "आन् हितंच बरी घाई केलीस!"

सटवाजीची शेवटची वावडी भिंतीला टेकून उभी होती. कागद चढवलेला, पात ताणलेली, आणि शेपूट अर्थातच नाही. मंडळीतले वडीलधारे धोंडाजी म्हणाले, "उडाली तर उडाली. न्हाईतर तिची तितंच होळी करू आन् आपापल्या कामाला लागू. सटवाबिगर कसली वावडी?"

दौलू मात्र होळीला तयार नव्हता. दोस्ताच्या हातची ही एवढी एकच वस्तू उरली होती. यंदा काही चुकू द्यायचं नाही म्हणून त्यानं बाजारातून कोरं कापड आणलं आणि आयुष्यात पहिल्यांदा शेपूट आदल्या दिवशीच शिवून ठेवलं.

माळावर मंडळी वेळेवर जमली. सगळं कसं शिस्तीत झालं, आणि वावडी गिरक्या घेत नाकावर आपटली. शेपूट लांब केलं, आपटली. आखूड केलं, पुन्हा आपटली. सांगाड्याची एक बांबूची कामटी कडकन मोडली. ती सुतळीनं बांधून पाहिली, तरी वावडी वर जाईना. कोरं कडक कापड वाऱ्यात काठीसारखं ताठ राहत होतं. धोंडाजींनी कमरेची चकमक काढली.

तेव्हा मात्र दौलूचं टाळकं सणकलं. "सटव्या, मेल्या!" तो आभाळाकडे बघून ओरडला. "मेलास तरी सुधारला न्हाईस! शेप्टी कुठं हाय रं? माज्या डोक्यावर हाय व्हय? मग घे! ह्यो बी घे!" आणि डोक्यावरचा उरलासुरला पटका त्यानं उतरवला, फाडला, घामानं मऊ झालेल्या त्या चिंध्या वावडीला बांधल्या. बांधताना त्याच्या तोंडाचा पट्टा चालूच होता, आणि डोळ्यांना धार लागली होती.

वावडी सुटली ती सरळ वर. दोरा संपला, दुसरा जोडला, तोही संपला. गड्यांचे तळवे सोलले. "सोड दौल्या," धोंडाजी म्हणाले, "हात जाईल." दौलूनं सोडली. ती पुन्हा खाली आलीच नाही, असं म्हणतात. वारा पडलेल्या दिवशीही माळावर कधीकधी घूं असा आवाज येतो, तो तिचाच, असं म्हणतात.

आता शेलारमाळात कुणी पटका बांधत नाही. तरी वावडीच्या दिवशी सर्वांत म्हाताऱ्या माणसाला मुद्दाम जुना पटका बांधतात. वावडी मुद्दाम शेपटाशिवाय आणतात. कुणी पाहुणा सटवाजीच्या नावानं हात जोडायला गेला तर त्याच्या हातावर चापट बसते. सटवाजीला तेवढ्यानं ऐकू जात नाही, म्हणतात, शिव्याच घालाव्या लागतात. मग उन्हं कलल्यावर म्हातारा पटका फाडतो आणि घसा ताणून ओरडतो, "सटव्या, मेल्या, शेप्टी कुठं हाय रं?"

आणि त्यानंतर लगेच कुणी दोरा सोडत नाही. सगळे थोडा वेळ पायवाटेकडे बघत उभे राहतात. उशिरा यायची त्याला सवयच होती.