बावीस पायऱ्यांवरचं टेबल

एका तालुक्याच्या गावी एक कचेरी होती. तिच्यात दिव्यांग योजनांचं टेबल होतं, आणि ते होतं वरच्या मजल्यावर. बावीस पायऱ्या, लिफ्ट नाही. ही कोणाच्या सुपीक डोक्यातली कल्पना, देव जाणे!

जिन्याच्या पायथ्याशी केराबाई चहा विकायची. लहानपणीच पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले होते. हाताने चालवायच्या तीनचाकी सायकलवरून ती घरून यायची आणि त्या सायकलवर बसूनच चहा करायची. कचेरीवाले खिडकीतून दोरीला बांधलेली बादली सोडायचे, ती तिच्यात किटली ठेवायची, की बादली वर. वर्षानुवर्षं हाच रिवाज होता.

एका वर्षी सायकलचा सांगाडा मोडायला आला. तीनदा वेल्डिंग झालं होतं. शेवटी वेल्डिंगवाल्याने हात जोडले. "मावशी, ही आता पावसाळा काढत नाही." सायकल गेली की धंदा गेला, आणि केराबाईला पोसणारं दुसरं कोणी नव्हतं. सरकार नवी सायकल देत होतं. जिल्ह्याच्या इस्पितळाचा दाखला तिच्यापाशी होताच. तिने अर्ज भरला आणि किटलीबरोबर बादलीत ठेवून दिला.

टेबलावर होते ढवळे भाऊसाहेब. माणूस सरळ, कधी कोणाच्या पैशाला शिवला नाही. पण नियम म्हटला की त्यांना दुसरं काही दिसायचंच नाही. किटली रिकामी होऊन खाली आली, तिच्याबरोबर अर्जही आला. त्यावर शेरा होता: 'अर्जदार समक्ष हजर नाही.'

केराबाईने फोटो चिकटवून अर्ज पुन्हा पाठवला. शेरा आला: 'फोटोत फक्त चेहरा आहे, अपंगत्व दिसत नाही.' तिने सायकलसकट फोटो काढून लावला. शेरा आला: 'हा फोटो आपलाच आहे, असे अर्जदाराने समक्ष येऊन सांगावे.'

गंमत म्हणजे हेच भाऊसाहेब रोज संध्याकाळी घरी जाताना तिच्यापाशी थांबून आल्याचा चहा घ्यायचे.

"भाऊसाहेब, ही काय मी समोर बसलेय. बघा की!"

"मावशी, इथं मी गिऱ्हाईक. टेबलावर बसून बघितलं तरच बघितलं असं धरतात."

अर्जाच्या मुदतीला दोन दिवस उरले. केराबाईने पदर खोचला आणि ती हातांवर अंग रेटत निघाली वर. बसत, थांबत, एकेक पायरी. पाऊण तास लागला. घामाघूम होऊन ती टेबलापुढे पोचली, तेव्हा भाऊसाहेबांनी चष्मा पुसला आणि ते मनापासून म्हणाले, "अरे वा! आलात की वर!" मग त्यांनी शेरा मारला: 'अर्जदार जिना चढू शकतात. फेरतपासणी व्हावी.'

आता काय म्हणावं या माणसाला! खाली येऊन केराबाई ढसाढसा रडली. रागाने रडली, आणि इतक्या लोकांसमोर फरफटत गेल्याच्या लाजेनेही रडली. मग तिने डोळे पुसले आणि स्टोव्ह विझवला.

मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. अकराला बादली खाली आली. वर गेली ती किटलीशिवाय. आत चिठ्ठी होती: 'गिऱ्हाईकाने समक्ष हजर राहावे.'

साडेअकराला बादली पुन्हा आली आणि तशीच परत गेली. बारापर्यंत सगळी कचेरी जांभया देऊ लागली. साडेबाराला भाऊसाहेब कठडा धरून कण्हत कण्हत खाली उतरले. मागून बाकीचे.

"मावशी, हा काय तमाशा लावलाय? एका कप चहासाठी माणसाला बावीस पायऱ्या उतरायला लावता? माझे गुडघे दुखतात हो!"

बोलून गेले, आणि आपलेच शब्द त्यांच्या कानांवर पडले. आधी शिपाई हसला, मग सगळेच हसले. केराबाई मात्र हसली नाही.

"गुडघ्यांचा दाखला आणलाय का, भाऊसाहेब?" तिने शांतपणे विचारलं.

भाऊसाहेबांचा चेहरा पडला. त्यांना खरोखरच स्वतःची लाज वाटली. त्यांनी अर्ज मागून घेतला, खिसे चाचपले. शिक्का वरच राहिला होता. शिपाई धावणार, तोच त्यांनी त्याला हाताने थांबवलं. स्वतः बावीस पायऱ्या चढले आणि शिक्का घेऊन बावीस उतरले. धापा टाकत बाकावर बसले, सगळे जुने शेरे खोडले आणि खाली लिहिलं: 'अर्जदार रोजच समक्ष होत्या. मी आज हजर झालो.'

मग त्यांनी दाणकन शिक्का मारला, आणि केराबाईने स्टोव्ह पेटवला.

तात्पर्य: ज्यांच्यासाठी नियम केला, त्यांनाच जर त्याच्यापर्यंत पोचता येत नसेल, तर नियम सांभाळणाऱ्याने खुर्चीतून उठून त्यांच्यापर्यंत जावं. त्याचे पाय शाबूत असतात.