पाठमोरी सोनकी

“तात्या, हिला समोर तोंड करून बसायला तुम्हीच सांगा ना. मी तीनदा सांगितलं,” विश्राम म्हणाला.

भिकाजी जिनगर शिसपेन्सिलीला टोक काढत राहिले.

नगरच्या वेशीबाहेर लमाणांचा तांडा उतरला होता. मुलखातल्या एकेका जमातीचा पेहराव चितारून पाठवा, असा एका गोऱ्या साहेबाचा हुकूम होता. त्या कामावर म्हाताऱ्या भिकाजींनी तांड्याजवळच तंबू ठोकला होता, सोबत त्यांचा शिष्य विश्राम. तो दोन वर्षं मुंबईत चित्रकला शिकून आलेला. चेहरा काढावा तर विश्रामनंच, असं लोक म्हणत. त्यालाही ते पटलं होतं.

सोनकी नावाची लमाण बाई एका बोलीवर तयार झाली होती. एक चित्र साहेबाला, एक तिला.

पण बसली ती पाठ करून.

“बाई, चित्र माणसाच्या तोंडाचं काढतात,” विश्राम म्हणाला.

“मला याडीचं पाहिजे.”

“याडी कोण?”

“माझी आई. ही ओढणी तिनं भरली. तीन पावसाळे भरत होती. उद्या माझ्या लेकीचं लगीन हाय. ओढणी तिच्यासंगं जाणार...”

तिनं ओढणीची कड मुठीत धरली.

“मग मी काय बघू, दादा?”

तांबडी ओढणी तिच्या डोक्यावरून थेट जमिनीपर्यंत आली होती. आरसे, कवड्या, पिवळ्या दोऱ्याचे टाके. डावा कोपरा तेवढा कोरा, नुसतं कापड.

विश्राम नाराजीनंच काढायला बसला. पण हात तयारीचा. आरसा न् आरसा जागच्या जागी उतरला. डावा कोपरा त्याला ओका ओका वाटला, म्हणून तिथंही त्यानं तशीच नक्षी भरली.

सोनकीनं कागद दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ पाहिला.

“चांगली हाय. माझ्या याडीची नाही.”

“कशावरून?”

तिनं डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“इथवर भरत आली, आणि याडी गेली.”

विश्रामनं कागद परत घ्यायला हात पुढे केला.

“खोडून देतो,” तो हळूच म्हणाला.

भिकाजींनी नकारार्थी मान हलवली आणि नवा कागद पुढे ओढला.

“बस बाई. तुला बसायचं तसं बस.”

ती पुन्हा पाठ करून बसली. म्हातारा कागदाकडे कमी आणि ओढणीकडे जास्त पाहत होता. एखादा टाका वाकडा दिसला तर तो वाकडाच काढी. ऊन तंबूच्या दारातून आत आलं, तरी त्याचा हात थांबला नाही. डाव्या कोपऱ्याशी आल्यावर मात्र त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

मग तसंच दुसरं चित्र काढलं.

सोनकीनं आपला कागद कपाळाला लावला. ओढणीत गुंडाळला आणि तांड्याकडे निघून गेली.

साहेबाची प्रत चटईवर उरली. विश्राम तिच्यापुढे मांडी घालून बसला. बसूनच राहिला.

“तात्या...”

“बोल.”

“माझ्याच्यानं हे झालं नसतं. पण साहेब विचारणारच. यात तिचा चेहरा कुठाय?”

भिकाजींनी बोटांना लागलेलं शिसं धोतराच्या सोग्याला पुसलं.

“तिनं दाखवला तोच काढलाय.”