पाचवी बशी

"…पण माई, ती एकटी बशी ठेवून तुम्ही करणार काय?"

ओसाकाचे कापडव्यापारी मात्सुनागा यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

निळ्या नक्षीच्या जुन्या चिनी मातीच्या भांड्यांचा त्यांचा संग्रह शहरभर नावाजलेला होता. त्यातला एक संच मात्र अपुरा होता. लाटांवरून उड्या मारणारे ससे रंगवलेल्या, अडीचशे वर्षांपूर्वीच्या पाच बशा. अकरा वर्षं हिंडून त्यांनी चार मिळवल्या. पाचवी या डोंगरावरच्या मठात, तिथल्या प्रमुख भिक्षुणी सेत्सुएन माईंकडे निघाली.

"आम्ही त्यात मुळ्याचं लोणचं वाढतो," माई म्हणाल्या.

"लोणचं! तुमच्याकडे काय आहे, हे कळतंय का तुम्हाला?"

माईंनी चहाचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"मठाचं छप्पर नवं करून देतो."

"छप्पर गळत नाही."

"मग काय हवं?"

"तुमच्या चार बशा बघू द्या."

दुसऱ्या दिवशी मात्सुनागा आले ते खुशीतच. चार लाकडी पेट्या उघडल्या, रेशमी फडकी सोडली. बशांना ते स्वतःही कधी उघड्या हाताने शिवत नसत.

माईंनी एक उचलली. नखाने टिचकी मारून पाहिली.

"छान आहे."

आणि चारही घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या. मात्सुनागा मागे धावले, तोवर बशांवर गरम टोफू वाढून झाला होता. तीन म्हाताऱ्या भिक्षुणी पंगतीला बसल्या होत्या.

"बसा," माई म्हणाल्या.

मात्सुनागांपुढे आली ती मठातली पाचवी बशी. धुऊन धुऊन सशाचे कान पुसट झालेली.

शेजारच्या भिक्षुणीने जेवायच्या काड्यांनी बशी खरवडली. मात्सुनागांच्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात तिच्या टोफूखालून ससा डोकावला.

"अगं बाई, ससा!" ती खुदकन हसली. बाकीच्या दोघी वाकून बघायला लागल्या. त्याही हसल्या.

मात्सुनागा बघतच राहिले. अकरा वर्षांत त्या सशाला पाहून कुणी हसलं नव्हतं. ते स्वतःसुद्धा.

ते जेवले. जेवण झाल्यावर, कुणी न सांगता, पाचही बशा त्यांनी आपल्या हातांनी धुतल्या. ओळीने मांडल्या.

"माई, आता तरी पाचवी मला द्याल ना?"

माई हात पुसत होत्या.

"दिली की मघाशी. जेवलात ना तीत!"