शब्दपूरचा सोन्याचा टाक

एका राज्यात एक नगरी होती. तिला तट नव्हता, वेस नव्हती, मातीचा एक कणही नव्हता. ती नुसत्या शब्दांची होती आणि तिचे नाव शब्दपूर. घरोघरी तांब्याचा एक पत्रा असे. कोणी आपल्या पत्र्यावर लिहिले, की तीच अक्षरे देशोदेशीच्या पत्र्यांवर उमटत. डोंगरातला कुंभार लिही, "मी सेनापती, घोड्यावरून आलो." बंदरातली कोळीण लिही, "मी यक्षिणी, तुझी वाट अडवते." असा खेळ रंगे. नियम एकच होता. ज्याने त्याने आपल्याच सोंगाचे लिहावे. दुसऱ्याचे सोंग काय करील, हसेल की रडेल, ते त्याचे त्याला लिहू द्यावे आणि तोवर थांबावे.

या नगरीची सूत्रधारीण अंबुजा. बाकीचे सूत्रधार आपापल्या संसाराला लागले, तेव्हा एका मांत्रिकाने येऊन तिच्या हाती लिहायला सोन्याचा टाक दिला. म्हणाला, "ज्याच्या हाती हा, त्याचीच नगरी." अंबुजेने तो जिवापाड जपला. रोज दिवेलागणीला ती लिहायला बसे. पण उत्तर देणारे कमी कमी होत गेले, आणि एके दिवशी पत्र्यावर फक्त तिचीच अक्षरे उरली.

राजा पद्मकेतूने तिला बोलावले.

"अंबुजाबाई, नगरी गप्प का?"

"महाराज, लोकांना आवड उरली नाही."

"मुरलेली माणसं उरली नाहीत, असं आम्ही ऐकतो. वीरभान, भागाक्का आणि चित्रांगी, तिघांना परत आणा. होळीपर्यंत नगरी बोलली नाही, तर सगळे पत्रे वितळवून देवळांच्या घंटा ओतू. निदान त्या तरी वाजतील."

चित्रांगीचे नाव निघताच टाक अंबुजेच्या मुठीत कोमट झाला. ती म्हणाली, "महाराज, नवी माणसं शिकवून तयार करते."

"शिकवायला वेळ कुठे आहे?" राजा म्हणाला, आणि वाट दाखवायला त्याने आपला बोलता भारद्वाज पक्षी तिच्याबरोबर दिला.

पहिला मुक्काम वीरभानाच्या खिंडीत. लढाई लिहावी तर त्याने. आता तो तिथल्या वाऱ्याला दिवसभर शिस्त लावत बसे. तो म्हणाला, "येतो. पण आधी मला एक लढाई सांग, जिच्यात तू हरतेस."

अंबुजेने सांगितली. वीरभानापुढे हरण्यात तिला काही वाटले नाही. त्याने वाऱ्याला सुट्टी दिली आणि मागून निघाला.

दुसरा मुक्काम भागाक्काच्या विहिरीवर. नवख्या माणसाचा हात धरून त्याला खेळात उतरवावे, ते भागाक्कानेच. तिच्या विहिरीतले पाणी येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करी. भागाक्काने विचारले, "शेवटचा नवखा कोण आला होता गं? काय व्हायचं होतं त्याला?"

अंबुजेने आठवून पाहिले. "मला ठाऊक नाही, आक्का. मी विचारलंच नाही."

"खोटं बोलली असतीस तर आले नसते," म्हणत भागाक्काने पोहरा उलटा करून ठेवला.

तिसरे घर चित्रांगीचे. तिने कथानक मांडले, की देशोदेशीचे लोक चुलीवरचे भांडे उतरवून पत्र्यापाशी धावत. अंबुजा वाटेभर मनातल्या मनात म्हणत होती, अट अवघड घालू दे, सात समुद्रांपलीकडचे काही मागू दे, म्हणजे मला हात हलवत परत जाता येईल.

चित्रांगी अंगणात पापड वाळत घालत होती. केस पिकले होते. तिने अंबुजेला पाहिले आणि पिठाच्या हातांनीच मिठी मारली.

"अंबू! किती दिवसांनी! नगरी आहे ना गं अजून?"

"आहे. महाराजांनी बोलावलंय तुला."

"चल की मग."

"तुझी काही अट?"

"अट कसली? तू एकटीने सांभाळलीस, मला नसतं जमलं."

दुसऱ्या कोणाला हे बोल गोड लागले असते. अंबुजेच्या छातीत ते काट्यासारखे रुतले.

परतीच्या वाटेवर भारद्वाज म्हणाला, "तिन्ही कामं झाली. मग तोंड का उतरलं?"

"ऊन लागलं."

"आभाळ तर भरून आलंय, बाई."

नगरी पुन्हा उघडली. वीरभानाने रणशिंगे लिहिली, भागाक्काने नवख्यांची नावे विचारली, आणि चित्रांगीने कथा मांडली: राणीच्या महालात एक चोर शिरला आहे, आणि त्याला चोरायचा आहे राणीचा राग. देशोदेशीचे पत्रे खणखणले. विझलेली अक्षरे उजळली. जो तो लिही, "चित्रांगीताई आल्या! आता मजा आहे!" एकाने तर लिहिले, "इतके दिवस इथे कोण होतं?"

अंबुजा राणीचे सोंग घेऊन बसली होती. इतकी वर्षे दिवा मी लावला, तिने मनात म्हटले, आणि ओवाळणी हिला! मुठीतला टाक चटका बसेल इतका तापला.

चित्रांगीने लिहिले, "चोर राणीसमोर येऊन उभा राहिला. पळाला नाही."

सारे देश वाट पाहत थांबले. अंबुजेने लिहिले, "राणीने तलवार उपसली, आणि चोर गुडघे टेकून ढसाढसा रडू लागला."

अक्षर पुरे झाले आणि सारे पत्रे काळे पडले. कुंभाराचा हात पत्र्यावर चिकटला, कोळणीची बोटे दगडाची झाली. शेजारी बसलेली चित्रांगी बोलायला गेली, पण तिच्या तोंडून आवाज निघेना. वीरभान आणि भागाक्काही तसेच थिजले. हलत होते ते फक्त अंबुजेचा हात आणि टाक.

भारद्वाजाने लाल डोळा तिच्यावर रोखला. "चोराला कोणी रडवलं?"

"मी."

"चोर कोणाचा?"

"चित्रांगीचा," अंबुजा म्हणाली. मग तिला आठवू लागले. कुंभाराच्या सेनापतीला तिनेच एकदा पळ काढायला लावले होते. कोळणीच्या यक्षिणीला तिनेच आपल्या राणीच्या पाया पडायला लावले होते. एकेक माणूस न भांडता उठून गेला होता, आणि ती समजत आली होती की लोकांना आवड उरली नाही.

"या टाकाला शाप आहे," भारद्वाज म्हणाला. "धरणाऱ्याला दुसऱ्याचं कौतुक सोसू देत नाही, आणि शेवटी साऱ्यांचं सगळं त्यालाच लिहायला लावतो. आपण लिहिलेलं धरणाऱ्यानेच खोडलं, तर सगळे सुटतील. पण खोडताच टाक मोडेल, आणि नगरी तुझ्या एकटीची राहणार नाही."

"आणि नाही खोडलं तर?"

"मग तुझीच. हवं ते लिही. कोणी आड येणार नाही."

अंबुजेने काळ्या पत्र्याकडे पाहिले. राणी, चोर, सेनापती, यक्षिणी, सगळी तिचीच झाली असती. तिने चित्रांगीकडे पाहिले. तिचे ओठ अर्धवट उघडे होते. चोर पळाला नाही, मग तो करणार तरी काय होता? ते तिला माहीत नव्हते, आणि तिला ते जाणून घ्यायचे होते. हेवा होता तिथेच होता, पण ही इच्छा त्याहून मोठी निघाली.

तिने टाक दोन्ही हातांत धरला आणि चोराचे गुडघे, चोराचे रडणे, सारे खोडले. हात पोळले. टाकाचे कडकन दोन तुकडे झाले, त्याचे सोने राख होऊन उडाले, आणि दूर कुठेतरी मांत्रिकाचा हसण्याचा आवाज बंद पडला. कुंभाराचा हात सुटला, कोळणीची बोटे मऊ झाली.

अंबुजेने साधा बोरू उचलला. लिहिले, "राणीने तलवार उपसली." आणि थांबली.

असे थांबणे तिला कित्येक वर्षांत जमले नव्हते. तिने बोरू खाली ठेवला, पदराला हात पुसले, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

पत्रा उजळला. चित्रांगीने लिहिले, "चोर नम्रपणे म्हणाला, राणीसरकार, तलवार उलटी धरलीत."

देशोदेशी हशा पिकला. अंबुजेच्या पोटात जुनी कळ उठली: हे मला का सुचले नाही! ती कळ तशीच घेऊन ती पत्र्यावर वाकली आणि लिहिले, "राणी म्हणाली, मूठच मारणार होते तुला. धार कशाला वाया घालवू?"

चित्रांगी मांडीवर थाप मारून हसली. "अंबू, कुठे लपवलं होतंस हे?"

राजाने घंटांचा बेत सोडला आणि चौघांना मिळून सूत्रधार नेमले. कथा चित्रांगीने मांडाव्यात, राणी अंबुजेची राहावी, आणि कोणाच्या सोंगाला कोणी हात लावू नये, असे ठरले. शब्दपूर बोलते झाले ते आजही बोलते आहे. ज्यांनी ही कथा ऐकली, त्यांना त्यांच्या बोलण्याला उत्तर देणारे कोणीतरी भेटो.