हिरवा कुठे गेला?

फार पूर्वी एका नदीकाठच्या गावात रंगाऱ्यांची आळी होती. त्या आळीत एक रंगारी राहत असे. निळीच्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आपण रंगवलेलं लुगडं विरून जाईल पण त्याचा निळा रंग जायचा नाही, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरे.

त्याला एक लहानगी मुलगी होती. सगळे तिला ठकी म्हणत. ठकीचं तोंड दिवसभर चालू असे. मुंगी दिसली की ती मुंगीशी बोले, माठ दिसला की माठात तोंड घालून त्याच्याशी बोले.

आळीची एक रीत होती. पोर तीन वर्षांचं झालं, की दिवाळीच्या पाडव्याला त्याला निळीच्या रांजणाशी बसवत. आळीतले म्हातारे आजोबा एकेक कापड दाखवत आणि पोरानं रंग सांगायचा. सगळी कापडं सुकी, शेवटचं तेवढं थेट रांजणातून काढलेलं. सगळे रंग बरोबर आले, की आजोबा पोराच्या तळहातावर निळीचं बोट उमटवत. चुकले तर पोराला कुणी काही म्हणत नसे. बापाला मात्र पुढच्या पाडव्यापर्यंत जो तो टोमणे मारी.

त्या वर्षी ठकीची पाळी होती. रंगाऱ्यानं म्हणूनच दसऱ्याआधीपासून कंबर कसली. रोज सकाळी तो ओसरीवर रंगीत चिंध्या मांडून बसे.

"ठके, हा कुठला?"

"तांबडा."

"आणि हा?"

"निळा!"

बाप खूश, पोर त्याहून खूश. मग एके दिवशी तो तिला रांजणाशी घेऊन गेला. रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला होता. ठकी काठाशी उकिडवी बसली. रंगाऱ्यानं कापड बुडवलं आणि सवयीनं त्याच्याकडे न बघताच वर काढून, पिळून पाठीमागच्या दोरीवर टाकलं. आळीतले सगळे असंच करत. ओलं कापड बघत बसणं हा आळशी माणसाचा उद्योग, असं त्यांचे बाप त्यांना सांगून गेले होते.

"बोल, कुठला रंग?"

"हिरवा," ठकी म्हणाली.

"हिरवा? अगं, निळीच्या रांजणातून हिरवा कसा निघेल? नीट बघ."

ठकीनं नीट बघितलं होतं. तिनं पुन्हा सांगितलं, "हिरवा."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शेजारचा रंगारी कुंपणावरून हसला, तेव्हा मात्र आमच्या रंगाऱ्याची तळपायाची आग मस्तकात गेली. तो एवढ्या जोरात ओरडला, की ठकीच्या हातातली चिंधी खाली पडली.

त्यानंतर ठकी कधी चुकली नाही. काहीही दाखवा, चटकन बरोबर उत्तर. रंगारी मिशीत हसू लागला. पण एका दुपारी तांदूळ निवडता निवडता त्याची बायको म्हणाली, "अहो, एक सांगू? पोर हल्ली मुंगीशी बोलत नाही. काही विचारलं की आधी तुमच्या तोंडाकडे बघते, मग बोलते."

"शिकतेय ती," रंगारी म्हणाला. पण ते वाक्य त्याला दिवसभर सलत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तो ठकीशेजारी उकिडवा बसला. आपण कधी बसून कापड काढलंय असं त्याला आठवेना. त्यानं कापड वर ओढलं आणि दोरीवर न टाकता दोन्ही हातांत धरून ठेवलं.

कापड हिरवं होतं. कोवळ्या पोपटी पानासारखं हिरवं. त्याच्या डोळ्यांदेखत कडेनं निळा रंग आत सरकू लागला, आणि बघता बघता सगळं कापड निळं झालं. जन्मभर हे त्याच्या पाठीमागे घडत होतं.

त्यानं घाईघाईनं दुसरं कापड काढलं. "ठके, बघ! हा कुठला?"

ओल्या हिरव्यागार कापडाकडे ठकीनं नजरसुद्धा टाकली नाही. बापाच्या तोंडाकडे बघत ती हळूच म्हणाली, "निळा."

रंगाऱ्याला भडभडून आलं. आपण पोरीला रंग शिकवला नाही, तिच्या डोळ्यांवरचा तिचा विश्वास काढून घेतला, हे त्याला कळलं. त्यानं तिला पोटाशी धरलं, नाना तऱ्हांनी समजावलं. पण विचारलं की ती त्याच्याकडेच बघे आणि "निळा" म्हणे.

पाडवा उजाडला. रांजणाभोवती सारी आळी जमली. ठकीनं सगळ्या सुक्या कापडांचे रंग बरोबर सांगितले. शेवटी आजोबांनी रांजणातून कापड काढलं आणि विचारलं, "आणि हा गं, बाळ?"

ठकीनं बापाकडे बघितलं.

रंगाऱ्यानं नुसती मान डोलवली असती तरी ती "निळा" म्हणाली असती. आजवर प्रत्येक पोर तेच उत्तर घरून पाठ करून आलं होतं. सगळ्यांनी वाहवा केली असती. पण तो तिच्याजवळ जाऊन बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझ्याकडे नको बघूस, ठके. कापडाकडे बघ. तुला दिसेल तेच सांग. मी रागावणार नाही."

ठकीनं एकदाच त्याच्याकडे बघितलं. मग तिनं मान वळवली.

"हिरवा."

लोक खो खो हसले. शेजारचा तर सगळ्यात मोठ्यानं हसला. आजोबा मान हलवत कापड दोरीवर टाकायला वळले.

"आजोबा, टाकू नका," रंगारी म्हणाला. "जरा धरून ठेवा."

"आला!" ठकी एकदम ओरडली. "निळा आला! इथनं आला, इथनं पण आला!"

हसणं थांबलं. आजोबांच्या हातात कापड निळं होत होतं आणि ते आ वासून बघत होते. पुढचे लोक वाकले, मागचे टाचा उंचावून बघू लागले. "केस पांढरे झाले माझे," आजोबा पुटपुटले, "आणि हे मी आज बघतोय."

त्यांनी रांजणात बोट बुडवलं आणि ठकीच्या तळहातावर टेकवलं. हिरवा ठिपका उमटला. ठकी त्याच्याकडे टक लावून बसली. ठिपका निळा झाला तशी तिनं मान वर केली.

"हिरवा कुठे गेला?"

आजोबांनी हातातलं कापड उलटसुलट करून बघितलं.

"मला नाही गं ठाऊक," रंगारी म्हणाला. हे सांगताना त्याला मुळीच कमीपणा वाटला नाही, उलट फार हलकं वाटलं. "उद्या आपण दोघं परत बघू."

घरी जाताना वाटेत मुंग्यांची रांग लागली. ठकी तिथेच बसली आणि मुंग्यांना आपला तळहात दाखवून काय काय सांगत राहिली. रंगाऱ्याला घाई होती, पण तोही बसला.

तात्पर्य: मुलाला उत्तर शिकवण्याआधी त्याच्याशेजारी बसून एकदा बघावं; जे आपण बघायचं सोडून दिलं, ते त्याला अजून दिसत असतं.